काचेतलं संत्रं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या आइस हॉकी टीमच्या पालक-समितीकडून मेल आला. सीनियर नाइटसाठी प्रत्येक मुलीचा आई-बाबांबरोबरचा एक फोटो पुढच्या शुक्रवारपर्यंत पाठवा, शक्यतो रिंकवरचाच. बारावीतल्या मुली शाळेसाठी आपल्या गावच्या रिंकवर शेवटची मॅच खेळतात, ती सीनियर नाइट. मॅचच्या आधी बर्फावर लांब लाल गालिचा टाकतात. हेल्मेट काढलेली मुलगी मधे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, अशी तिघं चालत रिंकच्या मध्यापर्यंत जातात आणि लोक टाळ्या वाजवतात. दाराशी एका मोठ्या बोर्डावर सगळ्या कुटुंबांचे फोटो लावलेले असतात. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठ वर्षं या मुलींचे फोटो मीच काढतेय. त्या गालिच्यावर कॉफीचा डाग कुठे पडलाय तेही मी सांगू शकेन.

मुलीने मेल माझ्याआधी वाचला होता. ती टेबलाशी सिरियल खात बसली होती.

"आई, रिंकवरचा हवाय. मी, तू आणि बाबा. यू मस्ट हॅव वन, राइट?"

"एक काय, ढिगानं आहेत," मी म्हणाले.

तिचा बाबा गेल्या एप्रिलमध्ये गेला. मंगळवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि तिथेच त्याचं हृदय थांबलं. डबा शेजारच्या सीटवर होता. त्यात भेंडीची भाजी होती. ती जरा जास्तच परतली गेली म्हणून सकाळी माझ्याशी हुज्जत घालून तो निघाला होता, आणि मी दार लावताना "उद्यापासून स्वतः कर" असं म्हटलं होतं. मी जात्याच तिरसट आहे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, त्यामुळे त्याला माझ्या तिरसटपणाचं काही वाटेनासं झालं होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

आम्ही ईडन प्रेरीत राहतो. इथे हिवाळा पाच महिने मुक्काम ठोकून असतो, आणि मुलं चालायला लागली की लोक त्यांच्या पायात स्केट्स घालतात. मुलीला दहाव्या वर्षी हॉकीचं वेड लागलं तेव्हा मला तो खेळ ओ की ठो कळत नव्हता. मी मूळची पुण्याची, बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची वस्तू. नुसतं बाकावर बसून कुडकुडण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून मी कॅमेरा घेतला. काही महिन्यांत लोक म्हणायला लागले की फोटो तुम्हीच काढा. आणि एकदा काम अंगावर घेतलं की ते इतरांपेक्षा बरं झालं पाहिजे, ही माझी खोड.

बर्फावरच्या फोटोचे दोन वैरी. पहिला म्हणजे खुद्द बर्फ. समोर एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो आणि सगळा फोटोच अंधारून टाकतो. बर्फ राखाडी होतो, माणसं काळी पडतात. त्यातून आमची मुलगी सावळी, वर हेल्मेटची जाळी. पहिल्या दोन मॅचच्या फोटोंत तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार होता. मग कॅमेऱ्याचं न ऐकता आपल्या हाताने उजेड वाढवायला शिकले. दुसरा वैरी काच. रिंकभोवती माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच काच असते आणि आपण तिच्या बाहेर. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, आपटून आपटून काचेवर ओरखडे पडलेले असतात. त्यावर कडी म्हणजे मागच्या बाकांवरचं सगळं काचेत दिसतं. मुलगी समोरून झेपावत येते आणि तिच्या पोटावर कोणाचा तरी पॉपकॉर्नचा डबा उमटतो. यावर उपाय असा, की लेन्सला रबरी हूड लावायचं, ते काचेला घट्ट दाबून धरायचं, आणि आपण नखशिखांत काळे कपडे घालायचे. हे मला सगळं शिकल्यावर कळलं. पहिल्या वर्षी माझ्याकडे हूड नव्हतं. होता तो नवरा, आणि त्याचं जॅकेट.

त्या नोव्हेंबरात त्याने सेलमध्ये एक जॅकेट उचललं. गुबगुबीत, गरम, आणि रंगाने असं भगभगीत केशरी की डोळे दिपावेत. मी म्हटलं, "नागपूरचा आहेस म्हणून काय संत्रं होऊन फिरणार?"

"काऊन? संत्र्यानं काय घोडं मारलं?" तो म्हणाला. "आणि पार्किंगमध्ये सापडेन तरी."

पुढच्या शनिवारी रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं मशीन चालवणारे म्हातारे आजोबा त्याच्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मिळालं का एखादं?" त्याला वाटलं, दाराशी गरम चॉकलेटची मोठी रांग होती त्याबद्दल विचारताहेत. तो म्हणाला, "हो, दोन मिळाली. एक बायकोला दिलं." आजोबांनी त्याच्याकडे जे बघितलं, ते मी आजही विसरले नाही. त्यांनी हात पुढे केला आणि त्याचा हात जोरजोरात हलवला. घरी येताना एका शेजाऱ्याने उलगडा केला की नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा महिना, आणि असं केशरी जॅकेट फक्त शिकारी घालतात, म्हणजे जंगलात दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. आमचा शिकारी अंडं घातलेला केकही खात नसे. मी गाडीत हसून हसून मेले. तो म्हणाला, "आता आजोबांना कुठे सांगत बसू? वाईट वाटेल त्यांना." त्याने कधीच सांगितलं नाही. डिसेंबरात आजोबांनी त्याला हरणाच्या सुक्या मांसाचं पाकीट भेट दिलं, तेही त्याने दोन्ही हातांनी घेतलं. आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशव्यांमागे ते अजून आहे.

पण फोटोंचं वाटोळं झालं. तो बरोबर माझ्या मागे, तिसऱ्या रांगेत बसायचा आणि काचेत एक केशरी डाग होऊन प्रत्येक फोटोत शिरायचा. गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पायांवर संत्रं, मुलीच्या छातीवर संत्रं, रेफरीच्या डोक्यावर संत्रं. मी दर मॅचला मागे वळून ओरडायची, "अरे, बाजूला हो! रिफ्लेक्शन येतंय!" तो दोन जागा सरकायचा आणि थोड्या वेळाने परत तिथेच. मला वाटायचं, मुद्दाम करतो. शेवटी जानेवारीत मी त्याच्यासाठी एक काळं जॅकेट विकत आणलं आणि केशरी जॅकेट सरळ कपड्यांच्या दानपेटीत टाकून आले. नेमकी भोगी होती त्या दिवशी. तो म्हणाला, "बायका संक्रांतीला हौसेनं काळं नेसतात. इथे माझ्या जॅकेटवरच संक्रांत आली." पण घातलं त्याने ते काळं. पुढे सात वर्षं प्रत्येक मॅचला घातलं. माझे फोटो एकदम स्वच्छ यायला लागले.

त्याच पहिल्या हिवाळ्यात, केशरी जॅकेटच्या दिवसांत, मुलीने तिचा पहिला गोल केला होता. तो फोटो मला मिळाला होता, पण त्यातही संत्रं होतंच. एक आख्खा रविवार बसून मी कॉम्प्युटरवर तो डाग पिक्सेल-पिक्सेल करून काढून टाकला, आणि तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. कोणी घरी आलं की नवरा त्या फोटोसमोर उभा राहून गोलची गोष्ट सांगायचा. "लेफ्टनं आली, एकीला चकवलं, मग दुसरीला..." पुढच्या वेळी ती राइटनं यायची आणि तिघींना चकवायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "चकवलं-बिकवलं काही नाही! पक तिच्या स्टिकवर आपटला आणि आपोआप आत गेला!" तो पाहुण्यांना म्हणायचा, "फोटोग्राफरबाईंना एका डोळ्यानं दिसतं. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय."

माझी आणखी एक शिस्त सांगायला हवी. एका मॅचचे हजारभर फोटो होतात. रविवारी सकाळी चहा घेऊन मी बसते आणि निवड करते. चेहरा दिसतोय का, पक फ्रेममध्ये आहे का, स्पष्ट आलाय का. नसेल तर पुसून टाकायचा. दया दाखवायची नाही. एका फोटोवर मी अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त थांबत नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

तर त्या शनिवारी दुपारी मी आठ वर्षांच्या हार्ड डिस्क टेबलावर मांडल्या आणि रिंकवरचा नवरा शोधायला बसले. दुसऱ्या वर्षात नव्हता. तिसऱ्यात नव्हता. दुसऱ्यांच्या मुली सापडल्या, त्यांचे आईबाप, आजीआजोबा, एकीचा कुत्रासुद्धा सापडला. सीनियर नाइटला दर वर्षी गालिच्यावर चाललेली दुसऱ्यांची कुटुंबं सापडली. चौथ्या वर्षापर्यंत पोचले तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं. रिंकशी उभं राहणाऱ्या फोटोग्राफरची पाठ कायम बाकांकडे असते. नवरा माझ्या पाठीमागे होता. आणि काचेतून तरी आला असता, तर मीच त्याला काळं घालायला लावलं होतं. इतकं चोख काम केलं होतं मी की सात वर्षांत तो एकदाही आला नाही. वाढदिवसाचे, सहलींचे फोटो होते. पण मुलीने रिंकवरचा मागितला होता आणि मी ढिगानं आहेत म्हणून बसले होते.

संध्याकाळी चार वाजता, उजेड जायच्या सुमारास, पहिल्या वर्षाची डिस्क लावली. बाकीचे संत्र्याचे फोटो मी तेव्हाच पुसले होते. पण पहिल्या गोलचा मूळ फोटो, डाग काढायच्या आधीचा, राहिला होता. तो उघडला.

मुलगी डावीकडे, दोन्ही हात वर. गोली खाली पडलेली. आणि उजवीकडे, जिथून मशीन आत येतं त्या दाराच्या अंधारात, तो होता. डाग नव्हता तो. त्याच डागावर मी आख्खा रविवार घालवला होता, मोठा करकरून त्याच्या कडा गिरवल्या होत्या, आणि तरी मला त्यात माणूस दिसला नव्हता. अंधारावर प्रतिबिंब चांगलं उमटतं, त्यामुळे कमरेपासून वर तो पूर्ण दिसत होता. चष्मा, टोपी, ते जॅकेट. मी मुलीला हाक मारली. ती जिन्यावरून धावत आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, वेट. ही इज नॉट इव्हन वॉचिंग."

"काय?"

"झूम कर ना. सी? ही मिस्ड माय गोल!"

मी झूम केलं. आजूबाजूची सगळी माणसं उभी राहून रिंकच्या डाव्या टोकाकडे बघत होती. तो एकटा बसलेला होता. त्याच्या हातात हनुवटीशी फोन होता, आडवा धरलेला, आणि फोनच्या पाठीवरचा बारीक दिवा लागलेला. तो पांढरा ठिपका मला तेव्हा छताचा बल्ब वाटला होता. फोन मुलीच्या दिशेने नव्हता. सरळ समोर, काचेकडे, म्हणजे मी उभी होते तिकडे होता.

"ही इज टेकिंग युअर पिक्चर," मुलगी म्हणाली. ती हसत होती. "एवढी वर्षं खोटं बोलला तो! एकीला चकवलं, दुसरीला चकवलं. ओ माय गॉड, बाबा." मग हसता हसता तिला रडू फुटलं आणि तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "मग ते फोटो कुठेत? त्यानं काढलेले?"

मला आठवलं होतं.

त्याचा फोन कंपनीचा होता. दोन-दोन फोन कशाला बाळगायचे म्हणून तो तोच वापरायचा, आणि कंपनीचा म्हणून क्लाउड वगैरे काही चालू नव्हतं. तेरावा झाल्यावर ऑफिसातून फार नम्र मेल आला: लॅपटॉप, ओळखपत्र आणि फोन सवडीने परत करावा. मी सवड वगैरे घेतली नाही. त्या दिवसांत हाताला काम हवं होतं. मी स्वतः आयटीतली, मला काय शिकवायचं? दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लॉबीत बसून फोन उघडला. पासवर्ड मुलीच्या जर्सीचा नंबर दोनदा, तो घरात सगळ्यांना माहीत होता. नंबर उतरवून घेतले, विम्याची कागदपत्रं पाठवून घेतली, मुलीचे आणि नागपूरच्या घरचे फोटो निवडले. बाकी बरेच फोटो होते. शेकड्यांनी असतील. सगळे एकसारखे अंधारलेले. मधे एक काळा आकार, मागे पांढरा भगभगाट, काही हललेले, काही तिरके. चेहरा नाही, पक नाही, मुलगी नाही. बर्फासमोर फोन असाच फसतो आणि माणूस काळा पडतो, हे मला माहीत होतं. मला तेव्हा एवढंच वाटलं, की बिचाऱ्याला इतक्या वर्षांत उजेड वाढवायला काही जमलं नाही. एकेका फोटोवर अर्धा सेकंदही थांबले नसेन. मग सगळं पुसायचं बटण दाबलं, फोनने विचारलं की नक्की का, मी म्हटलं नक्की, आणि काउंटरवर देऊन सही केली.

ती माझी पाठ होती. आठ वर्षांची. स्वतःची पाठ कोण कधी पाहतं, की मी ओळखावी?

मुलीला मी हे तेव्हा सांगितलं नाही. "बघू, शोधते," म्हटलं. दोन दिवसांनी सांगितलं, कारण ती रोज विचारत होती. मला वाटलं, आता चिडेल, आणि चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "इट्स ओके, आई. यू डिडन्ट नो." माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं सहज माफ केलेलं नाही, आणि ज्याने रोज केलं असेल त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

तोच फोटो पाठवला. न पुसलेला, संत्र्यासकट. पालक-समितीतल्या बाईंनी विचारलं की या फोटोत केशरी काहीतरी आलंय, आमच्याकडे एक जण आहे, साफ करून देईल. मी लिहिलं, कृपा करून हात लावू नका.

सीनियर नाइटला गालिच्यावर आम्ही दोघीच चाललो. मी त्याचं काळं जॅकेट घातलं होतं, मला ते गुडघ्यापर्यंत येतं. टाळ्या वाजल्या. माझ्याऐवजी दुसऱ्या एका मुलीच्या बाबांनी फोटो काढला. बर्फ राखाडी येणार हे मला तिथूनच कळत होतं, पण मी तोंड बंद ठेवलं. परत येताना बोर्डासमोर मशीनवाले आजोबा उभे होते. आता ते फारच वाकलेत. बोटाने केशरी रंगाकडे दाखवून म्हणाले, "मला हा आठवतो. पहिल्याच वर्षी दोन. चांगला शिकारी होता तुमचा नवरा."

"हो," मी म्हटलं. "पण कधी दाखवायचा नाही."

ते मान हलवत म्हणाले, खरे शिकारी तसेच असतात.

मग मी कॅमेरा घेऊन माझ्या कोपऱ्यात गेले. मुलगी तिसऱ्या सत्रात चांगली खेळली, एक गोल तिच्या पासवर झाला. मी नेहमीसारखे फोटो काढत होते. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मी हूड काचेपासून चार बोटं मागे घेतलं. लगेच बाकं काचेत आली. तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. लोक बहुधा तिथे मुद्दाम बसले नव्हते. त्या रिकाम्या जागेखाली, काचेला अगदी चिकटून, एक काळा आकार उभा होता. चेहरा नाही, समोर कॅमेरा. मी बटण दाबलं. मुलगी कुठे तरी डावीकडे निघून गेली होती, पकही फ्रेममध्ये नव्हता.

रविवारी सकाळी चहा घेऊन निवड करायला बसले. चहा निवला. त्या दिवशी मी एकही फोटो पुसला नाही.